शिष्यपणाचे मोल : कविवर्य नारायण वामन टिळक

तुळशीची माळ महाद्वाराजवळच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. परंतु ती एकदा गळ्यात पडली म्हणजे तिची खरी किंमत पुढे जन्मभर मोजावी लागते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. वारी चुकवायची नाही, एकादशी मोडायची नाही, खोटे बोलायचे नाही, अभक्ष्य शिवायचे नाही. हे झाले नेमाचे. ह्याहून पुष्कळ जड मोल ज्यांनी मोजले त्यांची नावे आपण नित्य घेतो. तुकोबारायांचे दुकान बसले, दुष्काळात पहिली पत्नी गेली, वह्या इंद्रायणीत बुडाल्या. चोखोबांना देवळाची पायरी चढू दिली नाही, आणि अखेर आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यास, शके १२६० मध्ये, गावकुसाच्या कोसळलेल्या भिंतीखाली त्यांचा देह गेला. मंगळवेढ्याच्याच कान्होपात्रेने विठ्ठलाच्या पायाशी प्राण ठेवले.

पण एक गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो. शिष्यपणाचे मोल मोजणारा एकटाच नसतो. तुकोबांची कथा ऐकताना जिजाईच्या तोंडाळपणाला आपण हसतो. परंतु घरात दाणा नसताना भाकरी थापून ती पदरात घेऊन डोंगर चढणारी तीच होती. हिशेबाच्या वहीत तिच्या नावावर काय मांडले आहे, हे कोणी पाहत नाही.

म्हणून ह्या वेळी आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, की ज्याने गुरूच्या पायी सर्वस्व टाकले आणि ज्याच्या त्यागाची अर्धी किंमत त्याच्या पत्नीने मोजली. हा पुरुष आपल्या संप्रदायातला नाही. तो ख्रिस्ताचा शिष्य होता. कविवर्य नारायण वामन टिळक हे त्याचे नाव. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाने फुलामुलांचे कवी म्हणून ते ऐकलेले आहे.

कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या मासिकात ख्रिस्ती पाळकाचे काय काम? आमचे उत्तर असे की, टिळक ज्या पुलावरून पलीकडे गेले तो पूल तुकोबांचा होता, हे त्यांनी स्वतःच कबूल केलेले आहे. आणि दुसरे असे की, त्यांच्या पत्नीने जे अश्रू गाळले त्यांतले काही आपल्या पंढरीतच गळलेले आहेत. तेव्हा हे चरित्र आपल्याला परके नाही. आमची निष्ठा विठ्ठलचरणी आहे आणि तेथेच राहील. पण दुसऱ्याच्या घरची खरी भक्ती ओळखता येऊ नये इतकी ती निष्ठा कोती असू नये.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभाव तापट, आणि थोरल्या मुलाशी त्यांचे कधी जमले नाही. आई जानकीबाई प्रेमळ. पोरगा सारा आईच्या पदराखाली वाढला. पण तो अकरा-बारा वर्षांचा असतानाच ती माउली गेली. मग घरात राहण्यासारखे त्याला काही उरले नाही. पोर घर सोडून बाहेर पडले आणि पुढे नाशिकास येऊन टेकले. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्या पायाशी बसून त्याने संस्कृत काव्य-शास्त्राचे अध्ययन केले. थोडीशी इंग्रजी शाळाही झाली. परंतु पोट हातावर असलेल्या मुलाला परीक्षा पुऱ्या करणे कोठले परवडते! लवकरच मिळेल ते काम करीत दिवस काढावे लागले.

लहानपणी आईवाचून वाढलेले मूल जन्मभर कोणाला तरी शोधीत राहते असे म्हणतात. टिळकांचे तसेच झाले. त्यांना देव हवा होता तो आईबापासारखा जवळचा. नुसत्या शास्त्रार्थाने त्यांची भूक भागेना.

१८८० मध्ये त्यांचे लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची. माहेरचे नाव मनकर्णिका, सासरचे लक्ष्मी. वय अकरा-बारा वर्षांचे. तिच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की, घरात येणारे मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यावयाची! वाचकहो, ही मीठ धुण्याची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे त्या मुलीच्या आयुष्यात काय उलथापालथ झाली ती समजण्यास तिचा उपयोग होईल.

टिळकांचा संसार म्हणजे पायाला भिंगरी. आज ह्या गावी शिक्षक, उद्या त्या गावी लेखक. मन उदार, हात सढळ आणि व्यवहार शून्य. हातात पैसा आला की वाटेत भेटलेल्या गरजवंताचा तो झाला. कधी न सांगता घरातून निघून जावे, कधी चार महिन्यांनी अवचित उगवावे. लक्ष्मीबाईंनी कधी माहेरी, कधी बहिणीकडे, कधी सासऱ्यांकडे दिवस काढावे आणि पतीची वाट पाहावी. लिहिणे-वाचणे त्या ह्या भटक्या पतीकडूनच शिकल्या. दोघांत भांडणे होत आणि माया तर विलक्षण होती. तापट पण निर्मळ मनाच्या माणसावर बायको जशी चिडते आणि जशी जीव टाकते, तसे ते होते.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आले. तेथले श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांनी त्यांना संस्कृत ग्रंथांच्या कामावर ठेविले. ऋषि नावाचे मासिकही टिळक पाहू लागले. कवी म्हणून, वक्ता म्हणून नाव होऊ लागले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, गाडी रुळावर आली. पण आतून ते अस्वस्थ होते. देशातली दुर्दशा, बालविवाह, विधवांचे हाल आणि त्या सर्वांच्या मुळाशी बसलेला जातिभेद त्यांना झोप लागू देईना. जगाचा पिता एक असेल तर त्याच्या लेकरांत शिवाशीव कशी, हा त्यांचा साधा प्रश्न होता. जुना धर्म मनास पटेना, म्हणून त्यांनी आपल्याशीच एका नव्या धर्माची तत्त्वे मांडून पाहिली. ईश्वर एक, माणसे सारी भावंडे, प्रेम हाच धर्म. असा साधारण त्याचा रोख होता.

येथे आम्हां वारकऱ्यांना क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. ह्यातले कोणते तत्त्व आपल्या संतांनी सांगितले नव्हते? वाळवंटात जातगोत विसरून एकमेकांच्या पाया पडण्याची रीत कोणाची? टिळकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. तुकोबांचे अभंग त्यांच्या जिभेवर होते. परंतु वाळवंटात जे चालत होते ते महाद्वाराच्या आत चालत नव्हते, हेही त्यांना दिसत होते. असो.

१८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने निघाले. डब्यात एक गोरे मिशनरी गृहस्थ होते. काव्याच्या गोष्टी निघाल्या, धर्माच्या निघाल्या. त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराचे एक पुस्तक दिले आणि ते नित्य थोडे थोडे वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तथापि शब्द दिला तो पाळण्यासाठी त्यांनी पुस्तक उघडले. पहिली काही पाने कंटाळत वाचली. पुढे डोंगरावरचे प्रवचन आले. शत्रूवर प्रेम करा, उद्याची चिंता करू नका, दान डाव्या हाताला कळू देऊ नका, असा ज्याचा आशय आहे ते प्रवचन. ते सुरू झाले आणि पुस्तक हातातून सुटेना. नव्या धर्माचे जे कलम आपण कष्टाने लिहीत बसलो होतो ते येथे कोणी तरी अगोदरच जगून दाखविले आहे, असे त्यांना वाटले.

पण मनात उमटलेली गोष्ट ओठावर आणणे सोपे नव्हते. त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे जिवंतपणी मरणे होते. घरचे दार बंद, पंगत बंद, पाणी बंद. टिळकांनी सुमारे दोन वर्षे हा जाळ पोटात ठेवला. पत्रे लिहिली, वाद केले, मागे फिरण्याचा प्रयत्नही करून पाहिला. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता हिशेब पाहू. टिळकांचे काय गेले? कूळ गेले, शास्त्री म्हणून असलेला मान गेला, मित्र पांगले. ज्या समाजासाठी त्यांचा जीव तुटत होता त्या समाजानेच त्यांच्याकडे पाठ फिरविली. हे सारे त्यांनी समजून-उमजून टाकले होते. पण लक्ष्मीबाईंनी काय टाकले होते? त्यांनी काहीच निवडले नव्हते. त्या माहेरच्या माणसांत होत्या, कडेवर लहानगा दत्तू होता, आणि एके दिवशी कानावर आले की नवरा बाटला. कपाळी कुंकू आहे आणि तरी नवरा नाही, अशी ती दशा. विधवेला निदान रडण्याची तरी मोकळीक असते. ह्या बाईला रडावे तर कोणासाठी आणि संतापावे तर कोणावर, हेच कळेना. नातलगांना तिची फार दया आली. तिने जिवाचे बरेवाईट करून घेऊ नये म्हणून सारी जपत होती.

त्या वियोगाच्या वर्षांत त्यांचा काही काळ नातलगांसह पंढरपुरात गेला. मोठी एकादशी आली की लाखो माणसे आपले सुखदुःख घेऊन चंद्रभागेत उतरतात. त्या गर्दीत ही एक तरुण ब्राह्मण बाई होती, जिचे गाऱ्हाणे कोणाजवळ सांगण्याजोगेसुद्धा नव्हते. विठोबाने ते ऐकले असेल असा आमचा विश्वास आहे. कसे ऐकले ते पुढच्या कथेवरून ज्याने त्याने समजावे.

टिळकांचे काय चालले होते? त्या वेळी १८६६ चा एक कायदा होता. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची बायको किंवा नवरा त्याच्याजवळ राहावयास तयार नसेल तर कोर्टामार्फत ते लग्न मोडता येई आणि दुसरे करता येई. पुष्कळांनी टिळकांना हा मार्ग दाखविला असता तर नवल नाही. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटीचा यत्न करीत राहिले, वाट पाहत राहिले. ज्या माणसाला घरात चार महिने स्वस्थ बसवत नव्हते त्याने बायकोसाठी जवळजवळ पाच वर्षे धीर धरला. नव्या गुरूने त्याला जे पहिले शिकविले ते हेच असावे असे आम्हांस वाटते. शिष्य झाला ह्याची खूण प्रवचनात दिसत नसते, घरच्या माणसांशी तो कसा वागतो त्यात दिसते.

पुढे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, दोघे पुन्हा जवळ आली. टिळक तेथे ह्यूमसाहेबांच्या हाताखाली ख्रिस्ती पाळक तयार करण्याच्या शाळेत शिकवीत होते. लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या अटीवर. बिऱ्हाड वेगळे, चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे जसेच्या तसे. टिळकांनी एका शब्दाने सक्ती केली नाही. मग हळूहळू त्या माउलीच्या मनातच प्रश्न उठू लागले. देवाने पशुपक्ष्यांच्या जाती केल्या त्या डोळ्यांना दिसतात. माणसांच्या जाती त्याने केल्या असत्या तर त्या अशा दिसावयास नकोत काय? हा विचार त्यांना कोणी पढविला नव्हता. एकदा तो मनात बसला आणि मीठ धुणाऱ्या घरातली ती लेक शिवाशिवीतून मोकळी झाली. १९०० साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. प्लेगाचे आणि दुष्काळाचे ते दिवस. त्याच लक्ष्मीबाई पुढे रोग्यांच्या उशाशी बसल्या, आणि ज्यांची जात कोणी विचारली नाही अशी पोरकी मुले त्यांच्या घरात त्यांच्या हातचे जेवली.

टिळकांना आता घर मिळाले, पण घरातली भाषा मिळावयाची होती. त्या वेळी देवळांत म्हटली जाणारी गीते बरीचशी इंग्रजीवरून आणलेली, विलायती चालींवर बसविलेली असत. शब्द मराठी, पण ऊर मराठी नाही. शेतातून आलेल्या साध्या माणसाला ती तोंडपाठ होत, पण पोटात उतरत नसत. टिळकांनी पाहिले की, मराठी माणूस देवाशी बोलतो तो अभंगात, ओवीत, पदात. ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा ह्यांनी ह्या भाषेला देवाशी बोलण्याची सवय लावून ठेविली आहे. तो मार्ग सोडून दुसरीकडून जाणे म्हणजे पूल असताना नदीत उडी टाकणे. मग त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, सखा म्हटले, गुरू म्हटले. अभंग लिहिले, आरत्या लिहिल्या, शंभराहून अधिक भक्तिगीते लिहिली. टाळ-मृदंगाच्या साथीने कीर्तने केली. अभंगांजली ह्या संग्रहात तो सारा ठेवा आहे. सोलापुरातही अमेरिकन मराठी मिशनचे जुने काम आहे. मिशनच्या मंडळ्यांत टिळकांची गीते आजही गायिली जातात. रविवारी त्या बाजूने जाणाऱ्या वारकऱ्याच्या कानावर एखादे गीत पडले तर त्याचा ठेका त्याला ओळखीचा वाटेल, पाय आपोआप थबकतील. कारण तो ठेका आपल्याच दिंडीतून तेथे गेलेला आहे.

ही टिळकांची पहिली मोठी प्राप्ती, असे आम्ही समजतो. जे टाकून गेलो असे त्यांना आणि जगाला वाटले होते, ते सारे त्यांना परत मिळाले. फक्त अभिमान तेवढा मागे राहिला.

दुसरी प्राप्ती लेकरांची. टिळकांच्या घराला दार असून नसल्यासारखे होते. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले तेथे ठोंबरे नावाच्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या कवितेने सारे थक्क झाले. हेच पुढचे बालकवी. टिळकांनी त्याला आपल्या घरी आणले, पोटच्या पोरासारखे वागविले. मुलगा ब्राह्मण, घर ख्रिस्ती. पण त्याला आपला धर्म सोड असे कोणी म्हटले नाही. लक्ष्मीबाईंनी त्याचे खाणेपिणे, रुसणेफुगणे सारे आईच्या मायेने सोसले. ज्यांना जातीने बाहेर टाकले त्यांचे घर असे साऱ्या जातींना उघडे झाले.

१९०४ मध्ये टिळकांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. राहुरी, नगर येथे त्यांनी काम केले. १९१२ पासून ज्ञानोदय ह्या जुन्या पत्राची मराठी बाजू त्यांच्याकडे आली ती अखेरपर्यंत. १९०९ मध्ये त्यांनी ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य आरंभिले. पण मोल मोजणे काही संपले नव्हते. पूर्वीच्या समाजाला ते परके झाले होते, आणि नव्या समाजातही कित्येकांना ते फार हिंदू वाटत. हा माणूस अभंग काय म्हणतो, टाळ काय वाजवितो, देशाभिमानाची गाणी काय लिहितो! दोन्ही काठांनी पाठ फिरवावी आणि माणसाने मधल्या पाण्यात उभे राहावे, असा तो प्रकार. टिळक तेथेही हसत उभे राहिले.

१९१७ साली त्यांनी आणखी एक गाठ सोडली. मिशनचा पगार आणि नोकरी सोडून दिली, आणि ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून साताऱ्यास जाऊन राहिले. वय पंचावन्नच्या पुढे, शरीर थकलेले, हातात पै नाही. तेथे त्यांनी देवाचा दरबार नावाची मंडळी स्थापिली. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, जो ख्रिस्ताला गुरू मानून त्याप्रमाणे वागू इच्छितो त्याला त्या दरबारात जागा होती. शिष्यपणाची ओळख नावात, वेषात, नोंदवहीत नसून वागण्यात आहे, ही त्यामागची भावना. बुक्का लावला म्हणजे वारकरी झाला असे नाही, हे आपल्या फडावरही सांगावे लागतेच की!

ह्या संन्यासातही लक्ष्मीबाईंचा वाटा होताच. पती पगार सोडतो तेव्हा चूल कशी पेटावयाची हा प्रश्न संन्याशाला पडत नाही, बायकोला पडतो. त्यांनी तो निमूट सोसला असे मात्र समजू नये. त्या बोलत, भांडत, थट्टा करीत, आणि मग पदर खोचून कामाला लागत. जिजाईच्या जातीचीच ती बाई.

दरबार पुरता भरण्याआधीच मालक उठला. प्रकृती ढासळली, मुंबईस जे. जे. इस्पितळात नेले; आणि ९ मे १९१९ रोजी टिळकांनी देह ठेवला. आपले दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती, आणि तसेच झाले. अस्थी नगरास आणून ठेविल्या. मातीत पुरण्याची रीत असलेल्या समाजात राहूनही ह्या देशाच्या चालीनेच आपण जावे, असे त्यांना वाटले. दोन काठांमधले त्यांचे उभे राहणे अखेरपर्यंत सुटले नाही.

आता लक्ष्मीबाईंची गोष्ट पुरी केली पाहिजे, कारण तिच्यावाचून हा हिशेब जुळत नाही. ख्रिस्तायनाचे दहा-अकरा अध्याय होऊन काव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईने पुढचे ६४ अध्याय रचून ते पुरे केले. आणि आपल्या साऱ्या संसाराची कहाणी तिने स्मृतिचित्रे ह्या नावाने लिहिली. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. त्या पुस्तकात पतीचे गुण आहेत तसे दोषही आहेत, स्वतःची फजिती आहे, रडणे आहे आणि त्याहून जास्त हसणे आहे. मराठीत इतके निर्मळ आत्मचरित्र दुसरे क्वचितच असेल. ज्या बाईला नवऱ्याने एक शब्दही न विचारता आयुष्याच्या खाईत लोटले, तिने त्या नवऱ्याला असे अमर केले. पंढरपुरात जे गाऱ्हाणे सांगता आले नव्हते ते तिने अखेर साऱ्या महाराष्ट्राला सांगितले, आणि महाराष्ट्राने ते डोळे पुसत, हसत ऐकले.

वाचकहो, ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, जो गुरूच्या मागे निघतो त्याने मागे वळून पाहावे. संसाराच्या मोहाने पाहावे असे आमचे म्हणणे नाही. आपल्या पावलाखाली कोणाचा संसार चिरडतो आहे एवढे पाहण्यासाठी पाहावे. आमच्यातले कित्येक जण वारीला निघतात तेव्हा जनावरांचे वैरणपाणी, म्हाताऱ्यांचे औषध, पोरांची शाळा हे सारे घरची लक्ष्मी सांभाळते. तिच्या पायाला फोड येत नाहीत म्हणून तिची वारी होत नाही काय? माळकऱ्याने परतल्यावर प्रसादाबरोबर दोन शब्द गोड बोलून तिचे देणे मान्य करावे. टिळकांनी पाच वर्षे वाट पाहून आपले देणे मान्य केले. म्हणून तर मोडलेला संसार सांधला गेला.

दुसरी गोष्ट, फळ ज्या दाराने मोल दिले त्याच दाराने येते असे नाही. टिळकांनी कूळ दिले. त्यांना ते कुळाच्या रूपाने परत मिळाले नाही. त्यांना अभंग मिळाला, परक्यांची लेकरे मिळाली, बायकोचे मन नव्याने मिळाले. जो मोल देतानाच फळाची पावती मागतो त्याचा तो व्यापार झाला. आपल्या संतांनीही हेच सांगितले आणि जगून दाखविले.

तिसरी गोष्ट बोलावयास जड आहे, पण बोलल्यावाचून राहवत नाही. टिळक गेले ते तुकोबांचे बोट धरून गेले. मग असा माणूस आपल्याकडे का राहू शकला नाही? एक कारण तरी आपल्याला नाकारता येणार नाही. चोखोबांची समाधी महाद्वारी आहे, त्यांचे अभंग आपण गातो; परंतु त्यांच्या भाईबंदांना आत जाण्यास १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजींना १ मेपासून १० मेपर्यंत अन्नत्याग करावा लागला. टिळक जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती. तुकोबांचा पूल मजबूत होता. पण अलीकडच्या काठावरचे दार आम्हीच लावून घेतले होते. पलीकडे गेलेल्यास दोष देण्याआधी ह्या दाराची आठवण ठेवावी.

आज ते दार उघडे आहे. पण मनाची दारे गावोगाव, घरोघर, पंगतीपंगतीत अजून पुष्कळ लागलेली आहेत. ती उघडण्याचे जे मोल पडेल ते मोजण्याची तयारी असणे, हेच माळ घालणे होय. ते मोल एकट्याने मोजू नये, घरच्या माणसांना बरोबर घेऊन, त्यांना विचारून, त्यांच्या डोळ्यांतले पाणी पुसून मोजावे. नारायणराव आणि लक्ष्मीबाई ह्या जोडप्याला आम्ही येथूनच दंडवत घालतो, आणि आमच्या सर्व वाचकांना असे शिष्यपण घडो अशी पांडुरंगचरणी प्रार्थना करून हे चरित्र पुरे करतो.

रामकृष्णहरि.